घरकुलाचं प्रकरण नेमकं कुठे अडतं?

पंचायत समितीत घरकुलाच्या टेबलासमोर ताटकळणारे बहुतेक जण अपात्र नसतात. घर पडकं असतं, उत्पन्न तुटपुंजं असतं, यादीत नावही असतं. तरी प्रकरण हलत नाही, कारण ज्या जागेवर घर बांधायचं ती जागा कागदोपत्री त्यांची नसते. आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, जॉबकार्ड, फोटो हे सगळं दोन-चार दिवसांत गोळा होतं. जागेच्या उताऱ्यासाठी मात्र वर्ष निघून जातं. म्हणून या लेखात जागेवर जास्त बोललो आहे. योजना प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही. शहरी योजनेचे नियम वेगळे आहेत, ते इथे लावू नका.

आधी पैशांचा हिशेब, कारण तिथेही गैरसमज आहेत. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. २०१६ साली इंदिरा आवासच्या जागी ही योजना आली तेव्हापासून आकडा तोच आहे. सळई-सिमेंटवाल्याने आपले भाव तिथे थांबवलेले नाहीत, हे सांगायला नको. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ५० हजारांची भर घातली. ‘५० हजार वाढले’ एवढंच लोकांच्या कानावर गेलं. त्यातले ३५ हजार बांधकामाचे आहेत आणि १५ हजार छतावर सौर यंत्रणा बसवली तरच मिळतात. गवंड्याशी बोलणी करताना ३५ हजारच धरा. शौचालयाचे १२ हजार वेगळे, पण ते आधी घेतलेले नसतील तर.

जागेचा कागद

लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतला. तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ हा शेतजमिनीच्या खात्याचा. लोक दोन्हींना आठचाच उतारा म्हणतात आणि हमखास नको तो घेऊन येतात. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती उत्तम. घर शेतात बांधायचं असेल तर सातबारा चालतो.

खरी अडचण पुढे आहे. कितीतरी उताऱ्यांवर अजून आजोबांचं नाव आहे आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. कोणी नाव बदललं नाही, कारण घरपट्टी भरायला ते बदलावं लागत नाही. आता घरकुल मंजूर होतं सुनेच्या नावावर, किंवा नवरा-बायको दोघांच्या (योजनेचा नियमच तसा आहे, आणि तो चांगला आहे), आणि उतारा सासऱ्यांच्या वडिलांचा. मालक हयात नसेल तर आधी वारस नोंद करून घ्या. वारसांत भाऊ, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या सगळे येतात. या सगळ्यांचं किंवा हयात सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. बहिणींची सही सोपी समजून शेवटी ठेवू नका, नेमकी तीच राहते. भावकीत वाद असेल तर मंजुरीची वाट न बघता आजच बोलायला बसा. मंजुरी आली की वेळ कमी असतो आणि समोरच्याला तुमची घाई दिसते.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आता १ लाखापर्यंत मदत मिळते, पूर्वी ५० हजार होती. अट एवढीच की आधी घरकुलाला पात्र ठरलेलं असावं. अडतं ते विक्रेत्यापाशी. गावठाणात कोणी विकत नाही आणि शेतातला एवढा लहान तुकडा तुकडेबंदी कायद्यामुळे (शेतजमिनीचे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे करायला बंदी) नोंदवता येत नाही. घरकुलासाठी या कायद्यातून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सूट मिळते. हे दुय्यम निबंधकाच्या दारात कळण्यापेक्षा तहसीलमध्ये आधी विचारून घ्या, आणि परवानगीआधी विसार देऊ नका.

सरकारी जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं काय? १ जानेवारी २०११ पूर्वीचं निवासी अतिक्रमण असेल तर ते नियमानुकूल करण्याची तरतूद आहे. पुरावा मात्र २०११ च्या आधीचा हवा : जुनी घरपट्टी पावती, वीजबिल, मतदार यादीतला पत्ता. गेल्या वर्षीची पावती दाखवून उपयोग नाही. लोक नेमकी तीच आणतात, कारण ती सापडते. जुनी पावती नसेल तर ग्रामपंचायतीच्या करवसुलीच्या वह्यांतून दाखला मागा, आणि लेखी मागा. गायरानाचं प्रकरण वेगळं आहे. जगपाल सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनी कोणाच्या नावे करणं अवघड झालं आहे. ‘गायरान नावावर करून देतो’ म्हणत गावोगाव फिरणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मला या सगळ्यात राग येतो तो एका गोष्टीचा. योजना बेघरांसाठी आहे आणि पहिली अट जागेची आहे. पालात राहणारं कुटुंब यादीत अग्रक्रमाने घ्यायचं असा नियम आहे, पण उतारा मागितला की तेच कुटुंब सगळ्यांत मागे पडतं. जागा मिळवून देणं हे सरकारचं काम आहे, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तेव्हा ‘जागा नाही, नाव कमी करा’ असं कोणी तोंडी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. ‘मी भूमिहीन आहे, मला जागा उपलब्ध करून द्यावी’ असा दोन ओळींचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि पोच घ्या.

यादीतलं नाव म्हणजे मंजुरी नव्हे

आपल्याकडे लोक ‘ब यादी’ आणि ‘ड यादी’ म्हणतात. ब यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून आलेली आणि ड यादी नंतरच्या आवास प्लस सर्वेक्षणातून. २०२४ नंतर पुन्हा नवं सर्वेक्षण झालं, चेहरा स्कॅन करून. त्यात फोटो काढला म्हणजे घर आलं असं समजून काहींनी जुनं घर पाडून टाकलं. सर्वेक्षण, मग पडताळणी, मग ग्रामसभेची मान्यता, मग उद्दिष्ट (किती घरं मंजूर करायची तो वरून येणारा आकडा), मग मंजुरी असा क्रम आहे. मंजुरीपत्र आणि पैसे यांतही अंतर असतं. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यातल्या कार्यक्रमात २० लाख मंजुरीपत्रं दिली गेली, पहिला हप्ता त्या वेळी १० लाख जणांना.

‘माझ्या मागच्याचं आलं, माझं कसं नाही’ हा प्रश्न रोज येतो. उद्दिष्ट प्रवर्गानुसार येतं : अनुसूचित जाती, जमाती, इतर असं. तुमच्या मागचा दुसऱ्या प्रवर्गातला असेल तर त्याचा नंबर आधी लागू शकतो. त्यात प्रत्येक वेळी घोटाळा असतोच असं नाही. शंका असेल तर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी खास सांगणं. कोयता (ऊस तोडणारं जोडपं) दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतो तो उन्हाळ्यातच परत येतो. मधल्या काळात पडताळणी झाली आणि घराला कुलूप दिसलं तर शेरा ‘स्थलांतरित’ असा पडतो. जाण्याआधी ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी कळवा की आपण हंगामी कामाला जात आहोत, सोबत फोन नंबर द्या आणि गावात कोणाशी संपर्क करायचा तेही लिहा.

कशामुळे नाव कटतं

दुचाकी, फ्रिज किंवा घरचा फोन असला तर आता नाव कटत नाही. २०२४ मध्ये हे निकष काढले आणि मासिक उत्पन्नाची मर्यादाही १० हजारांवरून १५ हजार केली. तरी ‘पोरानं हप्त्यावर गाडी घेतली’ म्हणून स्वतःहून नाव मागे घेणारे अजून भेटतात. घेऊ नका. पक्कं घर, सरकारी नोकरी, आयकर किंवा व्यवसाय कर, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत हे निकष सगळ्यांना माहीत असतात. माहीत नसतात ते दोन. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त असेल तर नाव कटतं. तुम्ही उचल किती घेतली हे बघत नाहीत, मर्यादा बघतात. आणि तीन किंवा चार चाकी वाहन तुमच्या नावावर असेल तर, मग ते मेव्हण्याने तुमचे कागद लावून घेतलेलं का असेना. शिलाई मशीन किंवा पिठाच्या गिरणीच्या कर्जासाठी उद्योगाची नोंदणी केली असेल तर तेही आधीच विचारून घ्या, कारण नोंदणीकृत बिगरशेती उद्योग हाही वगळण्याचा निकष आहे. चुकीने नाव कटलं असेल तर ग्रामसभेत हरकत नोंदवा, मग जिल्हास्तरावर अपील करा. हरकत लेखीच हवी. ग्रामसभेत उठून ओरडलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

खातं

आधार जोडलेलं आहे का ते बघाच, पण आणखी एक बघा. केवायसी पूर्ण न करता उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल तर त्यात वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जात नाही. बऱ्याच जनधन खात्यांचं असं आहे. मोठा हप्ता परत जातो आणि लाभार्थी महिनोन्‌महिने पंचायत समितीला दोष देत बसतो. एकदा शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या.

मंजुरीनंतरचे बारा महिने

पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचे हप्ते जोतं, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर जागेवरचा फोटो अ‍ॅपमध्ये चढल्यावरच मिळतात. म्हणजे पैसे कामाच्या मागून येतात, आणि जोत्यापर्यंतचा खर्च १५ हजारांत भागत नाही. उसनवारीची सोय आधी बघून ठेवा. घर बारा महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि ते मंजुरीच्या तारखेपासून मोजतात. लोक हप्ता जमा झाल्यापासून किंवा भूमिपूजनापासून मोजतात आणि वसुलीची नोटीस आली की दचकतात. मंजुरीपूर्वी काम सुरू करू नका, कारण मोकळ्या जागेचा फोटो आधी लागतो. आणि राहतं घर पहिला हप्ता खात्यात दिसेपर्यंत पाडू नका, विशेषतः मे महिन्यात. पाऊस हप्त्यासाठी थांबत नाही.

घर बांधताना रोजगार हमीतून ९० दिवसांची (डोंगराळ भागात ९५) अकुशल मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ९० दिवसांचे २८ हजार ८० होतात. हे आपोआप येत नाहीत. काम सुरू होतानाच ग्रामरोजगार सेवकाकडे मागणी करून हजेरीपट काढून घ्यावा लागतो. घर बांधून झाल्यावर मागितले तर ते गेले. जॉबकार्डावर नाव चालू आहे का, आधार जुळतं का, हे आधी तपासा. हाताला काम नसलेल्या घराला हे पैसे सोडून देणं परवडत नाही, आणि तरी सर्वांत जास्त सुटतात ते हेच.

वाळू पाच ब्रासपर्यंत मोफत मिळण्याची तरतूद आहे. वाहतूक मात्र तुमची. पास तहसीलमधून मिळतो आणि पावसाळ्यात उपसा बंद असतो, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका.

पंतप्रधान आवासच्या यादीत नाव नसेल तर राज्याच्या योजना आहेत : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास. तिथेही जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पुन्हा तोच जागेचा उतारा लागतो. वडिलांनी पूर्वी इंदिरा आवासचं घर घेतलेलं असेल आणि तुम्ही वेगळे राहत असाल, तर आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्या. एकाच कार्डावर नावं राहिली तर ‘कुटुंबाला लाभ दिलेला आहे’ असा शेरा मारून अर्ज परत येतो.