कपडे उतरवल्याने समाधान वाढतं का?

लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांनी २०१७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी ८४९ ब्रिटिश नागरिकांना विचारलं होतं की, लैंगिक हेतू न ठेवता इतरांसोबत विवस्त्र वावरण्याच्या उपक्रमांत तुम्ही किती भाग घेता? जास्त भाग घेणारे आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. त्यांना स्वतःचं शरीर अधिक आवडत होतं, स्वतःबद्दलचा आदरही जास्त होता आणि समाधानाचा धागा या दोन गोष्टींतून जात होता.

हे समाधान मोजायची पट्टी साधी आहे. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ती तयार केली. तिच्यात पाच विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण ५ ते ३५. कुणी एखाद्या उपायाआधी आणि नंतर ती घरी भरून पाहणार असेल तर दोन्ही वेळा दिवसाची वेळ सारखी ठेवावी. भांडणानंतर किंवा पगाराच्या दिवशी भरलेला आकडा आयुष्याचा नसतो, त्या तासाचा असतो.

पण ८४९ जणांच्या पाहणीतून कारण कळत नाही. ज्याला मुळातच शरीराची लाज कमी, तोच अशा ठिकाणी जाणार. म्हणून वेस्ट यांनी प्रत्यक्ष उपक्रमांना आलेल्या २४ आणि १०० जणांचे गुण आधी व नंतर मोजले, आणि ते वाढले. तरीही शंका उरतेच, कारण सहलीला जाऊन आलेला माणूस तसाही खुशीत असतो आणि तुलनेसाठी कपडे घातलेला गट तिथे नव्हता.

वेस्ट यांच्याच पुढच्या प्रयोगाने ही उणीव भरून काढली, आणि या विषयात मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात ५१ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट कपड्यांत एकमेकांत मिसळला, दुसरा विवस्त्र. विवस्त्र गटाची स्वतःच्या शरीराबद्दलची आपुलकी वाढली. का वाढली, याचंही उत्तर मिळालं. ‘लोक माझ्या अंगाकडे बघून काय म्हणतील’ ही धास्ती कमी झाली होती. अर्थात माणसं ५१च होती आणि स्वखुशीने आलेली. ज्यांना ही कल्पनाच सहन होत नाही, त्यांच्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.

याच्या शेजारी १९९८चा एक अमेरिकी प्रयोग ठेवला की चित्र स्पष्ट होतं. बार्बरा फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना आरशासमोर एकट्याने पोहण्याचा पोशाख घालायला लावला, काहींना स्वेटर. पोशाखातल्या स्त्रियांना शरीराची लाज जास्त वाटली आणि गणितातही त्या मागे पडल्या. अंग दोन्ही प्रयोगांत उघडं होतं, परिणाम मात्र उलटे. माझ्या मते फरक पडला तो सोबतीने. एकटीसमोर फक्त आरसा आणि मनातली आदर्श आकृती होती. गटात मात्र सुटलेली पोटं, वाकडे खांदे, शस्त्रक्रियेचे व्रण असे खरे देह समोर होते आणि कुणी कुणाचा निवाडा करत नव्हतं.

आमच्या कोल्हापुरात हे कुठे दिसतं? तालमीत. लाल मातीत लंगोटावर मेहनत करणाऱ्या पोराला दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या वस्तादांपर्यंत सगळ्या वयांची अंगं रोज दिसतात. पण तिथे बहुतेक पुरुषच असतात आणि शरीर दमानं, ताकदीनं जोखलं जातं. किरकोळ अंगाच्या पोराला तीच जागा टोचूही शकते. कुंभोजच्या बाहुबलीची २८ फुटी मूर्ती किंवा विहार करणारे दिगंबर मुनी पाहून इथे कुणी अवघडत नाही, पण ती नग्नता वैराग्याची आणि अपरिग्रहाची आहे. तिला समाधानाच्या पट्टीवर मोजू नये.

रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर हा प्रयोग करायला जाऊ नका. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ज्यांची संमती नाही त्यांच्यासमोर उघडं होणं हा वेगळाच, वाईट प्रकार आहे.

घरच्या घरी करता येईल असा उपाय उपचारतज्ज्ञ वापरतात, तो आरशाचा. पूर्ण उंचीचा आरसा, चांगला उजेड, तीन-चार फुटांचं अंतर. सुरुवात अंगाला बसणाऱ्या कपड्यांत, दहा मिनिटं. सवय झाली की कपडे कमी करायचे. डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक भागाला सारखा वेळ द्यायचा आणि मोठ्याने वर्णन करायचं, निवाडा नाही. ‘पोट सुटलंय’ हा निवाडा झाला. ‘बेंबीच्या वर एक आडवी घडी पडते’ हे वर्णन. बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. नजर नावडत्या भागावर जाऊन चिकटते, किंवा घालमेल टोकाला पोचली की माणूस पाठ फिरवतो. तिथेच थांबलं तर ‘सुटलो’ ही भावना भीतीला बळ देते, म्हणून घालमेल थोडी ओसरेपर्यंत उभं राहायचं. आरशाऐवजी मोबाइल घेऊ नये. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं.

खाण्याचे विकार, शरीरातल्या एखाद्या दोषाचा ध्यास किंवा लैंगिक अत्याचाराच्या आठवणी असतील तर हे एकट्याने करू नये. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

आरसाही नको वाटत असेल तर वही चालते. जेसिका अलेवा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तरुण स्त्रियांकडून प्रत्येकी १५ मिनिटांची तीन लेखनं करून घेतली. विषय होता, माझं शरीर काय काय करू शकतं. त्यांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं. लिहिताना दिसण्याचा उल्लेख टाळायचा आणि तपशील नेमका ठेवायचा: महाद्वार रोडवरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणं, लेकराला झोपवणं, जखम आपोआप भरणं.