डोक्याला मार लागल्यावर ‘पडून राहा’ हे आलं कुठून?

मुंबईच्या मैदानांवर डोक्याला चेंडू लागला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. चार-पाच जण धावतात, कोणी डोक्यावर पाणी ओततो, कोणी बोटं नाचवून ‘किती दिसतात?’ विचारतो. पोरगा उठून उभा राहिला की टाळ्या, आणि ‘चल, गार्ड घे.’ घरी कळलं की गाडी थेट दुसऱ्या टोकाला. सीटी स्कॅन होतो, तो नॉर्मल येतो, तरी पडदे ओढून पंधरा दिवस पलंगावर. शाळा बंद, मोबाइल बंद, खाली उतरायचं नाही.

पहिली गोष्ट घातक आहे, हे आता बहुतेकांना पटलंय. दुसरीबद्दल मात्र अजून कोणाला शंका येत नाही. आईवडिलांना दोष द्यायचं कारण नाही, दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत जगभरचे तज्ज्ञ तेच सांगत होते.

कंकशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. पेशींचं काम काही काळ बिघडतं, पण सीटीत दिसावं असं काही तुटलेलं-फुटलेलं नसतं. म्हणून ‘सीटी नॉर्मल’ याचा अर्थ ‘काही झालं नाही’ असा होत नाही. रक्तस्राव आणि फ्रॅक्चर नाही, एवढाच होतो. डोकं ठणकणं, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे सगळं नॉर्मल सीटीसोबत सुखाने नांदू शकतं.

क्रिकेटमध्ये या दुखापतीची धास्ती जुनी आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया झाली, वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी स्वतःचं रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले, पण कसोटी पुन्हा मिळाली नाही. १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे असलेले भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा डोक्याला चेंडू लागल्यावर चालत मैदानाबाहेर गेले आणि काही दिवसांत दगावले. या दोन्ही दुखापती कंकशनच्या पलीकडच्या होत्या, पण मैदानावरच्या माणसाच्या मनात सगळं एकाच कप्प्यात जातं: डोक्याला लागलं.

डॉक्टरांची भीती थोडी वेगळी होती. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला एकाएकी सूज येऊन खेळाडू दगावू शकतो, हे अमेरिकेत १९८४ मध्ये एका प्रकरणावरून मांडलं गेलं. असं क्वचित घडतं, पण घडलं की सावरायला वेळ मिळत नाही. २००१ मध्ये गिझा आणि होव्हडा या संशोधकांनी आतला गोंधळ समजावून सांगितला. हादऱ्यानंतर पेशींतलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत घुसतं, ते निस्तरायला ग्लुकोज भरपूर लागतं, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा घटलेला असतो. २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की दुखापतीनंतर लगेच चाकावर पळायला मिळालेल्या उंदरांना व्यायामाचा फायदा झाला नाही, दोन आठवडे थांबलेल्यांना झाला. मग काय, ऊर्जा वाचवा, मेंदूला हात लावू नका.

क्रीडा-कंकशनवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्नाला भरली, पुढची २००४ मध्ये प्रागला. लक्षणं पूर्ण थांबेपर्यंत विश्रांती आणि मगच पायरीपायरीने खेळ, हा नियम तिथून रुळला. प्रागला बौद्धिक विश्रांतीची भर पडली. वाचन, गृहपाठ, व्हिडिओ गेम सगळ्यावर फुली. २००८ च्या झुरिचच्या निवेदनात विश्रांती हाच उपचाराचा पाया ठरला. यातूनच अंधाऱ्या खोलीचा सल्ला निघाला. तो कुठल्याही चाचणीतून निघाला नव्हता. मला यातली चूक सरळ दिसते: ‘पुन्हा मार लागू देऊ नका’ आणि ‘हालचाल करू नका’ या दोन वेगळ्या सूचना होत्या, त्या एकाच गोळीत घोटल्या गेल्या.

पुरावा तर आधीपासून पडून होता. १९७२ मध्ये हेलसिंकीच्या डॉक्टरांनी कंकशनच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला समजावून सांगणं, धीर देणं आणि लवकर उठवून हालचाल करायला लावणं. नेहमीच्या गटाला कामावर परतायला सरासरी ३२ दिवस लागले, दुसऱ्याला १८. २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये १०७ रुग्णांवर सहा दिवस सक्तीची विश्रांती आणि अजिबात सक्ती नाही, अशी तुलना झाली. पलंगाचा फायदा दिसला नाही. पण हे रुग्ण खेळाडू नव्हते, आणि खेळाच्या परिषदांचं लक्ष तिकडे फारसं गेलं नाही.

खरी कलाटणी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात मिळाली. जॉन लेडी आणि बॅरी विलर यांच्यासमोर महिनोन्‌महिने लक्षणं न जाणारे खेळाडू येत होते, सगळे विश्रांती घेऊन कंटाळलेले. या दोघांनी त्यांना ट्रेडमिलवर चालवलं. वेग साधारण ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे लोकल चुकेल या भीतीने आपण चालतो तेवढा. सुरुवातीला पट्टा सपाट, नंतर दर मिनिटाला एक टक्का चढ. दर मिनिटाला नाडीचे ठोके मोजायचे आणि त्रास दहापैकी किती ते विचारायचं. त्रास सुरुवातीपेक्षा तीन गुणांनी वाढला की थांबायचं. त्या क्षणीचे ठोके ही त्या खेळाडूची मर्यादा, आणि रोजचा व्यायाम त्याच्या ८० ते ९० टक्के ठोक्यांवर, साधारण वीस मिनिटं.

हृदय, श्वास आणि मेंदूतला रक्तप्रवाह यांचा मेळ घालणारी स्वायत्त मज्जासंस्था कंकशनमध्ये बिघडते आणि बेताच्या व्यायामाने ती पुन्हा ताळ्यावर येते, असं त्यामागचं गणित. शिवाय रोज दोन तास नेट प्रॅक्टिस करणारा पोरगा आठवडाभर अंधारात पडला तर झोप बिघडते, डोकं जड होतं, चिडचिड वाढते. ही सगळी लक्षणं कंकशनच्या खात्यावर टाकून विश्रांती आणखी वाढवली जात होती!

त्यानंतर आकडे येत गेले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या मुलांना एक-दोन दिवस थांबलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं जाणवली. २०१६ मध्ये कॅनडातल्या २४१३ मुलांच्या पाहणीत, पहिल्या सात दिवसांत काहीतरी हालचाल केलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांची लक्षणं महिनाभर टिकली. न केलेल्यांमध्ये ते प्रमाण जवळपास ४४ टक्के होतं. (जो बरा आहे तोच हालचाल करणार, ही शंका रास्त आहे, तेवढी वजावट केल्यावर फरक कमी झाला, पण उरला.) २०१९ मध्ये लेडींच्या गटाने १०३ किशोरवयीन खेळाडूंची चाचणी प्रसिद्ध केली. एरोबिक व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसतं स्ट्रेचिंग करणारे १७. दोन वर्षांनी आणखी एका चाचणीत तेच उत्तर आलं, १४ विरुद्ध १९. चार-पाच दिवसांचा फरक लहान वाटेल; पण रेंगाळणाऱ्या लक्षणांचा धोकाही जवळपास निम्म्याने घटला होता.

२०१६ ची बर्लिन परिषद थोडी नरमली. ऑक्टोबर २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेने स्पष्ट सांगितलं: २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, त्यातही घरात वावरायला आणि चालायला हरकत नाही, मग हलका एरोबिक व्यायाम. त्रास आधीपेक्षा दहापैकी जास्तीत जास्त दोन गुणांनी वाढला आणि तासाभरात निवळला तर चालेल. मोबाइल मात्र पहिले ४८ तास कमीच. सुरुवातीचे व्यायाम कमाल ठोक्यांच्या ५५ टक्क्यांपर्यंत, नंतर ७०. सोळा वर्षांच्या मुलासाठी ढोबळमानाने (२२० वजा वय म्हणजे कमाल ठोके) मिनिटाला ११२ आणि १४३. ट्रेडमिल नसली तरी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती मनगटी घड्याळ लावून हे जमतं, सोबत कोणी असलं म्हणजे झालं. नेट, स्लिप कॅचिंग, कबड्डीची मॅट, दहीहंडीचा थर हे सगळं या यादीच्या बाहेर. जिथे पुन्हा डोक्याला लागू शकतं, तिथे लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. आणि उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, हातापायात कमजोरी यापैकी काही असेल तर व्यायामाचा विषयच नाही, सरळ कॅज्युअल्टी.

क्रिकेटने यातलं अर्धंच उचललं. १ ऑगस्ट २०१९ पासून कंकशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू उतरवण्याचा नियम आला आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला. आपल्या संघात २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाऐवजी चहल आला, तीन बळी घेऊन गेला. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्यात मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि हर्षित राणा आला, त्यानेही तीन बळी घेतले. दोन्ही वेळा वाद रंगला तो बदली तोलामोलाचा होता का यावर. दुबे २ फेब्रुवारीला वानखेडेवर पुन्हा खेळला, त्याची चर्चा त्या मानाने किरकोळ. आयसीसीने किमान सात दिवस बाहेर बसण्याची अट घातली ती त्याच वर्षी, काही महिन्यांनी.

मैदानावरच्या पोरांना मात्र ना बदली मिळतो ना सात दिवस. आझाद मैदानात एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या स्लिपला खेटून उभा असतो, आणि चेंडू कुठल्या सामन्यातून येईल याचा नेम नसतो. तिथे डॉक्टर नसतो, कोच असतो. ‘खेळायचं नाही, पण उद्यापासून चालायला जा’ हे वाक्य त्याच्याकडून घरापर्यंत पोहोचलं, तर पडदे ओढायची वेळ बहुधा येणार नाही.