कॅसेटची चढाओढ आणि कापसाचा चुकारा

विदर्भातल्या कितीतरी घरांत आज लग्नाची व्हीएचएस कॅसेट कपाटात जपून ठेवलेली आहे, पण ती लावायला यंत्र नाही. याचे मूळ दोन जपानी कंपन्यांच्या चढाओढीत आहे. सोनीने मे १९७५मध्ये बीटामॅक्स हा व्हिडिओ कॅसेटचा प्रकार बाजारात आणला आणि ऑक्टोबर १९७६मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस. दोन्हींची फीत अर्धा इंच रुंदीची असली तरी कॅसेटचा आकार वेगळा होता, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात बसतच नसे. सुरुवातीच्या बीटामॅक्स कॅसेटवर एक तासाचे, तर व्हीएचएसवर दोन तासांचे चित्रण मावे. शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र मात्सुशिता, हिताची, शार्प यांसारख्या कंपन्यांनाही वापरू दिले. १९८८मध्ये खुद्द सोनीने व्हीएचएस यंत्रे बनवायला घेतली, तेव्हा निकाल लागलेलाच होता.

आपल्याकडे १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि खेड्यात व्हिडिओ आला तो बहुतेक भाड्याने. यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यात रोख पैसा हाती येई तो कापूस विकल्यावर. १९७२पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घ्यायच्या व्यवस्थेत, तर कापूस घातल्यावरही चुकाऱ्याची, म्हणजे त्याच्या पैशांची, वाट पाहावी लागे. अशा घराने कोणते यंत्र टिकेल याचा जुगार कशाला खेळावा? तालुक्याहून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट आणायच्या, पटांगणात पोती अंथरायची आणि उजाडेपर्यंत पाहायचे. यंत्र निवडण्याची जोखीम दुकानदाराची असे, आणि ज्या प्रकारच्या कॅसेट जास्त मिळत तोच प्रकार तो ठेवी. यंत्र विकत न घेता हे थांबणे मागासलेपणाचे नव्हते, हिशेबाचे होते, असे मला ठामपणे वाटते.

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या जास्त स्पष्ट चित्राच्या दोन प्रकारच्या तबकड्यांची दुसरी लढाई २००६मध्ये सुरू झाली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने माघार जाहीर केली. त्या काळात आपल्या गावांत तासन्‌तास भारनियमन होते आणि घरात व्हीसीडी होती, जिच्या एका तबकडीवर ७४ मिनिटेच मावत असल्याने एका हिंदी चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत. ही लढाई इथे कुणाला वाट पाहायला लावण्याआधीच संपली.

खरेदी पुढे ढकलता आली, लग्न मात्र ढकलता येत नव्हते. चित्रण कशावर करायचे हे छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याने ठरवले, आणि हळद, वरात, पाठवणी असे सारे व्हीएचएसवर गेले. जिंकलेले ते तंत्रही फुनाई या शेवटच्या उत्पादकाने जुलै २०१६मध्ये थांबवले. चुंबकीय फीत ओल धरते, तिच्यावर बुरशी चढते. म्हणून ज्यांच्या घरी अशी कॅसेट आहे त्यांनी ती येत्या पावसाळ्याआधी चालू व्हीसीआर असलेल्या माणसाकडे नेऊन संगणकावर उतरवून घ्यावी. त्या फितीत आजी चालताना दिसते, तिचा आवाज ऐकू येतो.