गेलेला माणूस आणि सर्वांभूती एकत्व : सीमाभागातील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सर्व चराचरात एकच चैतन्य आहे, असे एकदा मान्य केले की मरणानंतर माणसाचे काय होते हा प्रश्न सुटत नाही, उलट अधिक अवघड होतो. जो मुळात वेगळा नव्हताच तो गेला कुठे, आणि तो कुठेच गेला नसेल तर दहाव्या दिवशी नदीकाठी ठेवलेला पिंड कोणासाठी? बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, संकेश्वर या सीमाभागात हा प्रश्न पंडितांच्या चर्चेपुरता कधीच नव्हता. येथे एकाच गल्लीत दहन करणारे आणि दफन करणारे, श्राद्ध घालणारे आणि श्राद्ध मुळीच न मानणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत आणि एकमेकांच्या अंत्ययात्रेला जात आले आहेत. त्यामुळे परलोकाविषयीच्या निरनिराळ्या कल्पना येथे एकमेकींना रोज भेटत राहिल्या. त्या कशा आल्या आणि त्यांच्यातून या मुलखाचे स्वतःचे असे काय घडले, याचा हा मागोवा आहे.

लिखित परंपरेच्या आधी दगडांची साक्ष घ्यावी लागते. या भागातील गावांच्या वेशीजवळ आणि जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, उभे आहेत. वीरगळाचा खालचा पट्टा लढाईचा असतो. गुरे सोडवताना किंवा गाव राखताना पडलेला वीर तेथे कोरलेला असतो. मधल्या पट्ट्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात आणि सर्वांत वरच्या पट्ट्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो, त्याच्या डोक्यावर चंद्र आणि सूर्य. येथे वीर देवाजवळ पोहोचला आहे, परंतु तो देवात विरलेला नाही. त्याचे रूप, त्याची बैठक, त्याचे जोडलेले हात शाबूत आहेत. मृत्यूनंतरही माणूस तोच राहतो, केवळ त्याचे ठिकाण बदलते, ही कल्पना या मातीत फार जुनी आहे आणि पुढच्या सर्व तत्त्वज्ञानाखाली ती दबून राहिली तरी नाहीशी झाली नाही.

याच मुलखात जैन परंपराही तितकीच जुनी आहे. खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंब राजांनी जैनांना दिलेल्या दानांचे पाचव्या शतकातील ताम्रपट सापडले आहेत, आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती (जैन मंदिर) रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ च्या सुमारास उभारली. एकत्वाच्या चर्चेत जैन विचार आवर्जून लक्षात घ्यावा लागतो, कारण तो एकत्व मानत नाही. प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, तो आपल्या कर्माने बांधला जातो, आपल्याच पुरुषार्थाने सुटतो आणि मुक्त झाल्यावरही इतर मुक्त जीवांत मिसळत नाही. मात्र सर्व जीव एकमेकांचे उपकारक आहेत, हे सूत्र तो तितक्याच आग्रहाने सांगतो. निपाणीजवळच्या भोज गावाशी ज्यांचे बालपण जोडलेले आहे, ते आचार्य शांतिसागर महाराज १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडून देह ठेवण्याचे जैन व्रत, घेऊन देह ठेवते झाले. सीमाभागातील मराठी आणि कानडी जैन घरांत त्यांच्या देहत्यागाची आठवण आजही आदराने सांगितली जाते. सर्व काही एक आहे असे न मानताही मुंगीपासून माणसापर्यंत सर्वांविषयी आत्मीयता बाळगता येते, याचा हा सज्जड पुरावा आहे, आणि अद्वैताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो विसरू नये असे मला वाटते.

बाराव्या शतकात कल्याणच्या (आजचे बसवकल्याण) शरणांनी, म्हणजे बसवण्णांभोवती जमलेल्या लिंगायत संतांनी, या प्रश्नाला जे उत्तर दिले ते सर्वांत धाडसी होते. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या सहा पायऱ्यांच्या साधनेत शेवटची पायरी मृत्यूनंतरची नसून जिवंतपणीच गाठायची आहे, असे त्यांनी सांगितले. जो जिवंतपणीच लिंगाशी एक झाला त्याला मेल्यावर कुठे जायचे उरत नाही, म्हणून त्याच्यासाठी पिंड नाही, श्राद्ध नाही आणि सुतकही नाही. जन्म, मृत्यू, रजस्वला, उच्छिष्ट आणि जात यांपासून येणारी पाचही सुतके लिंगधारण करणाऱ्याला लागत नाहीत, हा सिद्धांत मृत्यूविषयीचा आहे तितकाच समाजाविषयीचाही आहे, कारण मरणाचा विटाळ आणि जातीचा विटाळ त्याने एकाच झटक्यात नाकारले. कल्याणच्या उलथापालथीनंतर शरण याच प्रदेशातून विखुरले. बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा उळवीच्या अरण्यात पोहोचले, तर एम. के. हुबळी येथे मलप्रभेच्या पात्रात बसवण्णांची पत्नी गंगांबिका हिचे ऐक्यस्थळ आहे. उळवीच्या यात्रेला बेळगाव आणि धारवाड भागातून सजवलेल्या बैलगाड्या आजही जातात.

लिंगायत अंत्यविधी ज्याने जवळून पाहिला आहे त्याला या विचाराची खूण तेथेच दिसते. देह आडवा नेत नाहीत. त्याला स्नान घालून, विभूती लावून, हारफुलांनी सजवून बसत्या स्थितीत मिरवत नेतात. समाधीच्या खड्ड्यातही तो बसवलाच जातो, हातात आयुष्यभर अंगावर धारण केलेले इष्टलिंग असते, भोवती विभूती आणि बेलाची पाने घालतात. पूजेला बसलेल्या माणसाला पूजेतून उठवायचे नाही, असा त्या सर्व मांडणीचा भाव असतो. बेळगावच्या मराठी माणसालाही एखाद्या स्वामींच्या निधनाची बातमी देताना ते लिंगैक्य झाले असेच म्हणावेसे वाटते, इतकी ती कल्पना भाषेची सीमा ओलांडून आलेली आहे.

उत्तरेकडून आलेला प्रवाह वारकऱ्यांचा. ज्ञानेश्वरांनी आळंदीला १२९६ मध्ये समाधी घेतली आणि जो भेटेल तो भगवंतच मानावा, हा त्यांनी सांगितलेला भक्तियोग गावोगावच्या टाळकऱ्यांनी पाठ केला. या परंपरेत अद्वैत आणि पितृऋण यांची गाठ तुकारामांनी सोडवली आहे, असे म्हणावे लागते. आपले मरण आपल्या डोळ्यांनी पाहिले असे सांगणारे तुकाराम दुसऱ्या एका अभंगात आपण आपल्याच हाताने पिंड दिला, त्यानेच गया साधली आणि पितरांचे ऋण फिटले, असे म्हणतात. शरणांनी विधी नाकारला; तुकारामांनी विधीचे शब्द ठेवून त्याचा अर्थ आतून बदलला. सीमाभागातील वारकरी घरांत दोन्ही चालते. तेराव्याला भजन असते आणि दहाव्याला पिंडही असतो.

तिसरा प्रवाह दत्तसंप्रदायाचा, आणि तो या भागाला विशेष जवळचा आहे. नृसिंहवाडी चिकोडी-निपाणीच्या शेजारी, तर गाणगापूर पलीकडे भीमा-अमरजेच्या संगमावर. या दोन्ही क्षेत्रांकडे जाणाऱ्या भक्तांना भाषेची सीमा कधी आडवी आली नाही. गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही, असे ग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे, आणि तरीही मराठी घरांतील सप्ताहाचा तो सर्वांत प्रिय ग्रंथ ठरला. त्यातील सत्ताविसाव्या अध्यायाच्या सुमारास येणारी एक कथा आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. वेदांच्या गर्वाने वादाला आलेल्या दोन ब्राह्मणांसमोर गाणगापूरचे नृसिंह सरस्वती वाटेने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात आणि शिष्याकडून जमिनीवर सात रेघा ओढवून घेतात. तो एकेक रेघ ओलांडतो तसा त्याला एकेक पूर्वजन्म आठवू लागतो. शेवटच्या रेघेवर तो वेदपारंगत ब्राह्मण म्हणून उभा राहतो आणि वादाला आलेल्यांची वाचा बंद होते. जन्मानुजन्म फिरणारा जीव जर एकच असेल तर आजच्या जातीचा अहंकार कशाच्या बळावर धरायचा, हा प्रश्न त्या रेघांनी विचारला आहे. मात्र कथा तेथे थांबत नाही. त्याच्या अंगावरचे भस्म धुऊन टाकताच तो सारे विसरतो आणि बायकोमुलांकडे परत जातो. समाजव्यवस्थेला जिथे खरा धक्का बसला असता, तिथे कथेने पाऊल मागे घेतले. एकत्वाचा विचार सांगणे आणि तो पंगतीत, पाणवठ्यावर, स्मशानात पाळणे यांतले अंतर या ग्रंथातच नोंदले गेले आहे, असे मी मानतो.

या सर्व विचारांच्या खाली लोकाचार आपल्या गतीने चालू राहिला. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते आणि निधनाच्या बातमीत त्याची वेळ न चुकता दिली जाते. दहाव्याला मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा किंवा कृष्णेच्या काठी पिंड ठेवून नातेवाईक बाजूला होतात. पानावर भाताबरोबर गेलेल्या माणसाच्या आवडीचे काही ना काही असते, कपभर चहा असतो, तंबाखूची पुडी असते. कावळा लगेच शिवला तर सगळे मोकळा श्वास घेतात. नाही शिवला तर घरातला वडीलधारा पुढे होऊन, धाकट्या पोरीचे लग्न आम्ही करू, रान विकणार नाही, असे पिंडाकडे पाहून मोठ्याने सांगतो. कावळा तरीही आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा करतात. वीरगळाच्या वरच्या पट्ट्यात बसलेला माणूस आणि या पिंडापाशी अडकलेला माणूस एकाच समजुतीचे आहेत: गेलेल्याला अजून ऐकू येते, त्याच्या इच्छा अजून त्याच्याजवळ आहेत. या समजुतीला अडाणी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु त्या काठावर दिलेली वचने पुढे पाळली जातात, हेही विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात एकत्वाचा विचार आणि हा लोकाचार या दोन टोकांना जोडणारी माणसे याच जिल्ह्यांत झाली. दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी, म्हणजे पंत महाराज बाळेकुंद्रीकर, १८५५ मध्ये दड्डी येथे जन्मले आणि बेळगावात शिक्षक म्हणून राहिले. त्यांनी संसार सोडला नाही. अवधूत परंपरेचे अद्वैत त्यांनी प्रेमाच्या भाषेत मांडले, आणि त्यांच्या पदांचा मोठा संग्रह मराठीत असला तरी त्यांनी कानडीतही पदे रचली. १९०५ मध्ये आश्विन वद्य तृतीयेला त्यांनी देह ठेवला. त्या तिथीच्या उत्सवात बेळगावहून बाळेकुंद्रीला पायी प्रेमध्वज नेला जातो. देहान्ताच्या तिथीचा असा उत्सव होणे हेच मला या सीमाभागाचे उत्तर वाटते. समाधिस्थ पुरुष सर्वत्र आहे असे मानले जाते, म्हणून शोक नाही. आणि तो या एका ठिकाणीही आहे असे मानले जाते, म्हणून यात्रा आहे. तर्काला ही जोडणी मानवणार नाही, परंतु ज्याला आपला माणूसही हवा आहे आणि एकत्वही पटले आहे, त्याला ती पुरते.

त्याच काळात इंचगिरी परंपरा उभी राहिली, आणि तिची गुरुपरंपरा पाहण्यासारखी आहे. निंबरगी महाराज लिंगायत, त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३ ते १९१४) देशस्थ ब्राह्मण, आणि पुढे पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८ ते १९३६). कानडीत दिलेला उपदेश मराठीत वाढला. मुंबईतील निसर्गदत्त महाराज हे सिद्धरामेश्वरांचे शिष्य. मरतो कोण असे विचारणाऱ्याला ते आधी जन्मला कोण ते पाहायला लावत. भाऊसाहेबांचेच दुसरे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे जमखंडीत १८८६ मध्ये जन्मले, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि विजापूर जिल्ह्यातील निंबाळ येथे १९५७ मध्ये निवर्तले. त्यांनी उपनिषदांवर लिहिले, महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावर १९३३ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कानडी संतवाङ्मयावरही तितक्याच आस्थेने काम केले. बेळगावात तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी त्यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली संस्था आजही चालू आहे. ज्या प्रदेशावरून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून वाद चालू आहे, ज्याच्या बाबतीत महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याच प्रदेशातील एका माणसाने मराठी आणि कानडी संत एकाच अनुभवाचे साक्षीदार म्हणून शेजारी बसवले, ही गोष्ट सीमाभागातील प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावी अशी माझी कळकळ आहे. सीमाप्रश्नातील आपली बाजू त्याने दुबळी होत नाही.

स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आले, सदाशिवराव भाटे वकिलांकडे आणि मग वनअधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. वेदान्त संन्याशाच्या मठातून इंग्रजी शिकलेल्या सुशिक्षिताच्या बैठकीत येण्याचा तो आरंभीचा प्रसंग होता. दक्षिणेला हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींनी (१८३६ ते १९२९) तोच वेदान्त जातिभेद न पाहता सामान्यांपर्यंत नेला, आणि त्यांच्या मठात बेळगावकडची मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत.

अलीकडच्या काळात या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, राजकीय नेते सतीश जारकीहोळी यांच्या पुढाकाराने लोक रात्र काढतात, तेथेच जेवतात, आणि भुताखेतांची भीती निराधार असल्याचे कृतीने दाखवतात. दुसरीकडे शहरातील वैद्यकीय महाविद्यालयांकडे देहदान करणारी कुटुंबे आहेत. देहदान केले की रक्षा नाही, समाधीचा खड्डाही नाही, आणि मग तिसऱ्या दिवशी काय करायचे हे घरच्यांनाच ठरवावे लागते. कोणी फोटोसमोर हरिपाठ म्हणतात, कोणी जंगमांना, म्हणजे लिंगायत पुरोहितांना, बोलावून पूजा करतात, कोणी शाळेला वह्या देतात. देह विद्यार्थ्यांच्या हाती सोपवून नदीकाठी पिंड ठेवणारेही आहेत, आणि त्या पानावर कपभर चहा असतोच.