संस्थांच्या चित्रफिती (ठाणे आणि नवी मुंबई)

संस्थांच्या चित्रफिती : सेवाभावी संस्था, महानगरपालिका आणि वस्तीपातळीवरची कलामंडळे यांच्या कामाची ओळख करून देणाऱ्या छोट्या फिल्म. त्या संस्थेच्या सांगण्यावरून आणि बहुधा तिच्या किंवा तिच्या देणगीदाराच्या पैशाने तयार होतात. पालिकेच्या निविदेत हिला ‘माहितीपट’ म्हणतात, संस्थेच्या बैठकीत ‘आपली फिल्म’ आणि कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात नुसते ‘व्हिडिओ’. या तीन नावांमागे तीन वेगळे प्रेक्षक असतात. फिल्म कशी होणार हे विषयापेक्षा त्या प्रेक्षकावर जास्त अवलंबून असते. त्याच दिवशी, त्याच शाळेत, त्याच मुलांचे केलेले चित्रण देणगीदारासाठी कापले की एक गोष्ट सांगते आणि पालकसभेसाठी कापले की दुसरीच.

पूर्वी समाजकार्याची फिल्म म्हणजे सरकारी माहितीपट. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. (ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.) त्यात धरणे होती, पंतप्रधान होते, नौपाड्यातल्या एखाद्या बालवाडीचा नंबर तिथे लागणे शक्य नव्हते. स्थानिक संस्थांच्या वाट्याला कॅमेरा आला तो लग्नाच्या व्हिडिओवाल्यांमार्फत. आजही या धंद्याचे वेळापत्रक लग्नसराईला बांधलेले आहे. तुळशीच्या लग्नानंतर चांगला कॅमेरामन मिळवणे कठीण, पितृपक्षात तोच अर्ध्या दरात तयार. दुसरी गर्दी मार्चअखेरीची असते, कारण शिल्लक निधी ३१ तारखेच्या आत खर्ची पडायचा असतो.

खरा बदल कायद्याने घडवला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा शेजारी असलेल्या संस्थांना हा पैसा घराजवळच दिसू लागला. फिल्म द्यावी असे कायदा कुठेही म्हणत नाही. पण ज्या अधिकाऱ्याला वर्षाकाठी चाळीस अहवाल वाचायचे आहेत त्याला चार मिनिटांचा व्हिडिओ सोयीचा पडतो, आणि सोय हळूहळू अट बनली. गंमत अशी की कंपनीला सीएसआरच्या प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे फिल्मचा खर्च कोणत्या रकान्यात दाखवायचा यावर पटकथेपेक्षा जास्त चर्चा होते.

पालिकांची गोष्ट वेगळी. २०१६ पासून सुरू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईने २०२०, २०२२ आणि २०२३ साली मोठ्या शहरांत देशात तिसरा क्रमांक मिळवला. या चढाओढीने ओला कचरा, सुका कचरा, रंगवलेल्या भिंती आणि उड्डाणपुलाखालच्या बागा यांच्या चित्रफितींना हक्काचे स्थान दिले. आधी-नंतरची दृश्ये, वरून ड्रोन, खाली सनई किंवा ढोलताशा, शेवटी आवाहन, असा साचा ठरून गेला आहे. नवी मुंबई पालिका २०२० पासून आणि ठाणे पालिका २०२२ पासून काही वर्षे प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात नगरसेवकांच्या ‘बाईट’ (कॅमेऱ्यासमोरची छोटी वक्तव्ये) गळाल्या आणि चित्रफिती आपोआप आटोपशीर झाल्या, हे नमूद करायला हरकत नाही.

पैसे मिळण्याची रीत सगळ्यांना पाठ असते. दरपत्रक किंवा ई-निविदा, बयाणा रक्कम, कार्यादेश, तीन वेळा ‘किरकोळ बदल’, मग बिल. सेवाभावी संस्था थोडी आगाऊ रक्कम तरी देते, पालिकेचे काम स्वतःच्या खिशातून उभे करावे लागते. म्हणून हे काम करणाऱ्या बहुतेक मंडळींचे घर लग्नांवर चालते.

चित्रीकरणात सर्वांत अवघड गोष्ट चित्र नव्हे, आवाज. घोडबंदर रस्त्यालगतच्या खोलीत किंवा ट्रान्स-हार्बर मार्गाजवळच्या वस्तीत दोन मिनिटे सलग शांतता मिळत नाही; जाणकार माणूस कॅमेरा लावण्याआधी पंखा बंद करतो आणि फ्रीजचे बटण शोधतो. त्याहून नाजूक प्रश्न भाषेचा. चेंदणी कोळीवाड्यातली किंवा दिवाळे गावातली बाई कॅमेऱ्यासमोर बसली की आपली आगरी-कोळी बोली सोडून पाठ्यपुस्तकी मराठी बोलू लागते, आणि वाक्यावाक्यात अडखळते. घाई असलेला दिग्दर्शक ते अडखळणे कापून वर निवेदकाचा भारदस्त आवाज चढवतो. ज्याला अर्धा तास थांबता येते, जो चहा घेऊन मासळीच्या भावाविषयी विचारतो, त्याला तिची बोली परत मिळते. या क्षेत्रात कसब म्हणून काही असेल तर ते एवढेच आहे. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारे उपकरण) आणि ड्रोन भाड्याने मिळतात.

कलामंडळांचे काम टिपताना नेहमी होणारी चूक म्हणजे प्रयोगाचे चित्रण. रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून ठाण्यात उभ्या राहिलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधली मुले आपल्या जगण्यातून नाटिका रचतात. असा प्रयोग रंगमंचासमोर तिपाई लावून टिपला की पडद्यावर निर्जीव होतो. तालमीतला गोंधळ, संवाद कुणी घ्यायचा यावरचे भांडण, उसन्या आणलेल्या ओढण्या टिपल्या तर तेच नाटक कळते. पण मंडळाला स्वतःला हवा असतो पूर्ण प्रयोग, कारण मुलांच्या आईबापांना तो पाहायचा असतो. शहाणा संपादक दोन्ही देतो.

संमती हा या फिल्मचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. तीन हात नाक्याच्या पुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली सिग्नल शाळा कॅमेऱ्याला भुरळ घालते : वर वाहने, खाली फळा. मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख दृक्‌श्राव्य माध्यमात उघड करण्यास मनाई करते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यावर राहणारे मूल त्या व्याख्येत येऊ शकते, हे संस्थेच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते, चित्रीकरणाला आलेल्या पाहुण्यांना बहुधा नसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या ठाण्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. याच शहरात १९९० साली सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने वेगळा मार्ग काढला : रुग्णांची दुःखे दाखवण्याऐवजी स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर व्याख्याने, मुलाखती आणि ‘वेध’ परिषदेची सत्रे ठेवली. देणगीदाराला दाखवायची फिल्म आणि लोकांना उपयोगी पडणारी फिल्म यांतला फरक पाहायचा तर ही वाहिनी पाहावी.

परवानग्यांची यादी जागेप्रमाणे बदलते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असल्याने तिथे वनविभागाची परवानगी लागते. ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्यातही (२०१५) तसेच. ड्रोनसाठी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे आवश्यक, आणि आता उलव्याजवळ विमानतळ आल्याने नवी मुंबईत ते अधिकच. फिल्म चित्रपटगृहात दाखवायची झाल्यास चलचित्र अधिनियम, १९५२ खालचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

मालकीबाबत मात्र जवळजवळ सगळेच अंधारात असतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, करवून घेणाऱ्याची. म्हणजे पैसे कंपनीने दिले, कार्यादेश तिच्याच नावाचा असला, तर संस्थेची गोष्ट कागदोपत्री कंपनीची होऊ शकते. हे लक्षात येते ते दुसरा देणगीदार तीच फिल्म मागतो तेव्हा.

प्रदर्शन बहुधा वार्षिक कार्यक्रमात होते. गडकरी रंगायतनसारखे सभागृह अर्धे भरलेले, प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकलेले, तेवढा वेळ भरून काढायला फिल्म लावली जाते. पाहुणे आत आले की ती मध्येच थांबते. खरे प्रदर्शन नंतर वस्तीत होते, समाजमंदिराच्या भिंतीवर, उसन्या प्रोजेक्टरवर : बायका स्वतःला पाहून पदर तोंडाला लावतात, मुले नावे घेऊन ओरडतात, आणि गेल्या वर्षी वारलेल्या आजी दिसल्या की सगळे गप्प होतात.

त्या आजींनी कॅमेऱ्यासमोर धवला, म्हणजे आगरी-कोळ्यांचे लग्नातले पारंपरिक गाणे, पूर्ण म्हटलेला असतो. फिल्ममध्ये वीस सेकंद घेतलेली असतात, तीही निवेदनाखाली. उरलेला धवला संपादकाच्या हार्ड डिस्कवर ‘बी-रोल २ फायनल’ (बी-रोल म्हणजे पूरक चित्रण) नावाच्या फोल्डरमध्ये असतो. करारात त्याचा उल्लेख नसतो, आणि पुढच्या लग्नसराईत डिस्कवर जागा लागते.