टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तेलात का असतं?

शेंगा चटणीच्या सोलापुरात ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याने आणखी एका ठिकाणी जपायला हवं, ते म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन घेताना. आपल्याकडच्या सस्टॅनॉन २५० या इंजेक्शनात औषध विरघळवलेलं असतं ते शेंगदाण्याच्या तेलात. इतर इंजेक्शनांत तिळाचं, सरकीचं किंवा एरंडेल तेल असतं.

तेलच का? टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला बैलांच्या वृषणांतून वेगळं काढलं गेलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलंही. पण गोळी गिळली तर यकृत त्याचा बहुतेक भाग निकामी करतं, आणि नुसतं टोचलं तर ते फार लवकर संपतं. म्हणून रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडली, म्हणजेच त्याचं एस्टर केलं. शेपटी जितकी लांब, तितका तो तेलाला अधिक धरून राहतो. दंडात किंवा कुल्ल्यात टोचलेल्या तेलातून तो हळूहळू रक्तात येतो, विकरं (एन्झाइम्स) शेपटी कापतात आणि उरतं ते हुबेहूब आपल्या शरीरातलंच टेस्टोस्टेरॉन. तीन कार्बनची प्रोपिओनेट शेपटी दोन-तीन दिवस पुरते. एरंडेल तेलातली अकरा कार्बनची अंडेकॅनोएट मात्र १० ते १४ आठवडे चालते.

ज्यांचे वृषण किंवा त्यांना हुकूम देणारी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी नीट काम करत नाहीत, त्यांच्यासाठी हे मोलाचं औषध आहे. ट्रान्स पुरुषांसाठीही (जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेले, पण पुरुष असलेले).

सोलापुरातल्या तालमींत, जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोरांनी मात्र अंग कमवायला याच्या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन वाढलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं जवळपास थांबवते आणि वृषणांचं काम मंदावतं. शुक्राणू बनायला वृषणांच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. टोचलेलं औषध तिथे तेवढं पोचत नाही. म्हणजे दंड भरलेले, रक्ताच्या रिपोर्टात आकडा चढा, आणि वीर्यात शुक्राणू नाममात्र किंवा अजिबात नाहीत. वृषणही लहान होतात. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं गाडं रुळावर येतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त.

तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होतं, तो धोका वेगळाच. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात किंवा डोस कमी करतात.

बिघाड पिट्युटरीत असेल आणि मूल हवं असेल, तर टेस्टोस्टेरॉनऐवजी एचसीजी या दुसऱ्या हार्मोनचं इंजेक्शन देतात. ते एलएचचं काम करतं आणि वृषणांकडूनच टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं.