बौद्धिक दिव्यांग मुलांचे वडील: सहीपलीकडचं पालकत्व

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बौद्धिक दिव्यांग मुलाची फाइल वडिलांकडे आणि मूल आईकडे, ही वाटणी जुनी आहे. तिला कायद्याचाही टेकू मिळाला. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्याने आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा नैसर्गिक पालकांचा क्रम लावला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, कचेरीत कन्नड. कन्नड बोलू शकणारा बहुतेक घरांत बापच, त्यामुळे कागदही त्याच्याच गळ्यात पडले.

त्याचा फटका दिव्यांगत्वाच्या तपासणीत बसतो. व्हाइनलँड सामाजिक प्रगल्भता चाचणीत (रोजची कामं मुलाला किती जमतात हे मोजणारी; भारतीय रूप मालिन यांचं) प्रश्न मुख्यतः पालकालाच विचारतात: हाताने जेवतो का, सदरा घालतो का, शेजारी एकटा जातो का? दिवसभर कामावर असलेला बाप अंदाजाने ‘करतो की’ म्हणतो. गुण वाढतात, दिव्यांगत्वाचा टक्का उतरतो. 40 च्या खाली गेला की बहुतेक सवलती हुकतात. आईला सोबत न्यावं, हे उत्तम.

1984 साली सिकंदराबादला राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था निघाली आणि घरी शिकवायचे टप्पे पालकांच्या हाती आले. सदऱ्याचं बटण शेवटाकडून शिकवतात. पाचपैकी चार बटणं बापाने लावायची, पाचवं काजात अर्धं सरकवायचं, मुलाने फक्त ओढायचं. ते जमलं की चौथं. बिघडतं ते कामावर जायच्या घाईत: बाप सगळी बटणं स्वतःच लावून मोकळा होतो. शाळेत कन्नड आणि घरी मराठी अशी आज्ञा बदलली, तरी मूल गोंधळतं.

मूल 18 चं झालं की बापाचं नैसर्गिक पालकत्व संपतं, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर किंवा जमिनीच्या वाटणीत कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. नेमणुकीनंतर 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशेब द्यायचा. अर्जात आईचं नावही संयुक्त पालक म्हणून घालता येतं.